आत्याच्या सीपीयूतली गावं

दुकानातल्या त्या मुलाने आत काय आहे हे विचारलंच नाही. बाकी काही नाही, पण ही एक गोष्ट माझ्या मनातून जाता जात नाहीये. ठाण्यात गोखले रोडच्या मागच्या गल्लीतलं छोटं दुकान, काउंटरवर आत्याचा सीपीयू, त्याखाली तिने घरून आणलेला जुना टॉवेल. त्याने वायरी जोडून बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत तोच मजकूर आला जो आत्याच्या घरी येत होता: विंडोज सुरू होऊ शकत नाही, कारण अमुक फाइल सापडत नाही किंवा खराब झाली आहे. खाली त्या फाइलीचा पत्ता. विंडोजमध्ये सिस्टम३२, त्यात कॉन्फिग, त्यात सिस्टम. मुलाने ओळ पुरती वाचली असेल असं वाटलं नाही. "विंडोज एक्सपी आहे अजून? फॉरमॅट मारावा लागेल. संध्याकाळी घेऊन जा." आत्याने विचारलं, "मग माझ्या लग्नपत्रिकांच्या फाइली?" तो म्हणाला, "बॅकअप असेल ना काकू?" आत्याने माझ्याकडे पाहिलं आणि मी मागच्या वायरी काढायला लागले.

सीपीयू मांडीवर घेऊन आम्ही रिक्षाने कोपरीच्या पुलावरून पूर्वेला परत आलो. आत्या वाटभर गप्प होती. त्या मुलाचा मला राग आला नाही, आजही नाही. दिवसभर त्याच्यापुढे असलीच खोकी येतात. फॉरमॅट मारून नवी विंडोज टाकली की मशीन संध्याकाळपर्यंत हमखास चालू होतं, गिऱ्हाईक पैसे देऊन जातं. बिघाड शोधत बसायचं तर वेळ जातो, आणि त्या वेळेचे पैसे द्यायला कुणी तयार नसतं. सगळं कळतं मला. पण पडद्यावर एकाच फाइलीचं नाव होतं, तेही पत्त्यासकट. ४० जीबीच्या डिस्कवरची चार-पाच एमबीची एक फाइल. उरलेलं सगळं जागच्या जागी असण्याची दाट शक्यता होती, आणि उपाय मात्र सगळंच पुसून टाकण्याचा.

आत्या वीसेक वर्षं घरी डीटीपी, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवायचं काम, करते. चेंदणी कोळीवाड्याच्या टोकाला दोन खोल्या, त्यातली आतली खोली कामाची. खिडकीतून खाडीचा वारा येतो आणि स्टेशनातल्या अनाउन्समेंट ऐकू येतात. लहानपणी मला कल्याण स्लो आणि कर्जत फास्टमधला फरक तिथेच पाठ झाला. पावसाळ्यात त्या खोलीत आर्ट पेपरच्या कडा वळतात, कपाटात डांबराच्या गोळ्यांचा वास असतो, आणि सीपीयूवर रात्री प्लॅस्टिकचं कव्हर चढतंच चढतं. कीबोर्डवरची निम्मी अक्षरं पुसली गेलीत, आत्याला त्यांची गरज नाही. सोसायट्यांच्या नोटिसा, क्लासच्या प्रश्नपत्रिका, मंडळाची पावतीपुस्तकं असं सगळं ती करते, पण खरं काम लग्नपत्रिकांचं. चेंदणीपासून बाळकूम, कोलशेत, आणि खाडीपलीकडे विटावा, दिवे, ऐरोली, घणसोलीपर्यंतची आगरी-कोळी घरं तिची गिऱ्हाइकं आहेत.

या पत्रिका ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना सांगायला नको. वर श्री एकवीरा आई प्रसन्न, मग कुलदैवत, ग्रामदैवत, मग वधूवरांची नावं, हळदीचा दिवस वेगळा, लग्नाचा वेगळा, आणि त्यानंतर नावांचे रकानेच्या रकाने. आजोबा, काका, मामा, आत्ये, मावसे, जावई, भाचे, नातवंडं. तळाशी पोरांची ओळ, "आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!" एकेका पत्रिकेत शंभर-दीडशे नावं सहज असतात, आणि कोणतं नाव कोणाच्या वर यायचं यावर घरात रात्र रात्र चर्चा झालेली असते. बाहेरच्याला तो नुसता गचपणा वाटतो. मलाही कॉलेजात असताना वाटायचा. मी आत्याला म्हणायचे, थोडी जागा मोकळी सोड, डिझाइन उठून दिसेल. ती म्हणायची, जागा मोकळी सोडायला नाव कुणाचं काढू ते सांग.

गिऱ्हाईक येतं ते बहुतेक वेळा हातात जुनी पत्रिका घेऊनच. मागच्या लग्नाची, पेन्सिलीने खुणा केलेली. घराण्याची यादी तीच चालते, फक्त मधल्या वर्षांत झालेला फरक करायचा. बाळकूमचे एक गृहस्थ येऊन बसले होते ते मला स्पष्ट आठवतं. पांढरा शर्ट, खिशाला चष्मा. पत्रिका टेबलावर उलगडून त्यांनी बोट ठेवलं आणि म्हणाले, "ताई, इथे मोठ्या भावाच्या नावाआधी कै. लाव. आणि हा इथला जावई काढ." मग थोडं थांबून, "नको, राहू दे जावयाला. पोरं मोठी झालीत." आत्याने काही विचारलं नाही. बाळकूमच्या फोल्डरमधून त्यांच्या घराची फाइल काढली, कर्सर भावाच्या नावाआधी नेला, दोन अक्षरं आणि एक टिंब टाकलं. ओळ थोडी पुढे सरकली, शेवटचं नाव खाली उतरलं, तर तिने अक्षरांमधलं अंतर केसभर कमी करून ते परत वर घेतलं. त्या गृहस्थांनी चष्मा लावून पडद्यावर पाहिलं आणि बराच वेळ मान हलवत राहिले.

एका घरात दोन भावांचं फाटलं, तेव्हापासून त्यांच्या दोन फाइली आहेत. दोघांच्या यादीत आईचं नाव पहिलं आहे, खाली एकमेकांची नावं नाहीत. आत्याने जुनी, एकत्र असतानाची फाइल पुसलेली नाही. लागेल कधीतरी, म्हणते.

माझ्या आतेभावाच्या लग्नात काका, म्हणजे आत्याचे यजमान, नव्हते. ते जाऊन वर्षही झालं नव्हतं. ती पत्रिका दुसऱ्या कुणाला तरी करू दे असं घरातले सगळे म्हणत होते, पण तिने ऐकलं नाही. मी शेजारी स्टुलावर बसले होते. तिने आधी सगळे रकाने भरले, मामाकडचे, चुलतघरचे, बारीकसारीक सगळे, आणि निमंत्रकांची पहिली ओळ शेवटी ठेवली. टाइप करून लगेच प्रिंट दिली नाही. उठून चहा टाकला, मला दिला, स्वतः घेतला, मग ट्रेसिंग पेपरवर प्रिंट काढून ती स्वतः छापखान्यात पोचवून आली.

हे सगळं त्या डिस्कवर होतं. सीडी होत्या काही, जुन्या, मार्करने गावांची नावं लिहिलेल्या. पण खाडीच्या हवेत त्यांच्या पाठीवरचा मुलामा उडालेला, निम्म्या वाचता येत नव्हत्या.

नवा संगणक का नाही, हा प्रश्न आत्याला सगळे विचारतात, मीही अनेकदा विचारला. ते मशीन २००४चं, काकांनी लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग घेऊन जोडून आणलेलं. त्यावर पानं मांडायचं पेजमेकर आहे आणि त्या काळातलं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर, जे एका डोंगलशिवाय चालत नाही. डोंगल म्हणजे काडेपेटीएवढी डबी, मागच्या प्रिंटर पोर्टला स्क्रूने आवळलेली. हा रुंद, पंचवीस भोकांचा पोर्ट आजच्या बहुतेक संगणकांना नसतोच. म्हणजे डबी नाही तर सॉफ्टवेअर नाही, सॉफ्टवेअर नाही तर तो फॉन्ट नाही, आणि फॉन्ट नाही तर पत्रिका नाहीत. हातात आलेला आठवडा नवरात्राचा होता. तुळशीची लग्नं लागली की मुहूर्त सुरू होतात, त्याआधी दिवाळीच्या आसपास याद्या यायला लागतात. आत्याकडे चार घरांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

मी महापेला एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते. दुसऱ्यांचे प्रोग्रॅम कुठे अडतात ते शोधायचं आणि नीट लिहून द्यायचं, हा माझा रोजचा उद्योग. त्यामुळे एररचा संदेश वाचायची सवय आहे, आणि संदेश वाचला की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा, की मशीन इथपर्यंत आलं कसं? कारण ते बरंच चालून आलेलं असतं. बटण दाबल्यावर आधी बायोस, म्हणजे मदरबोर्डवरचा छोटा प्रोग्रॅम, जागा होतो, मेमरी आणि डिस्क तपासतो. मग डिस्कचा पहिला सेक्टर वाचतो, फक्त ५१२ बाइटचा, त्यात कोणत्या भागातून सुरुवात करायची ते लिहिलेलं असतं. तिथून त्या भागाचा बूट सेक्टर, मग एनटीएलडीआर नावाची अडीचशे केबीच्या आसपासची फाइल, मग बूट डॉट आयएनआय, आणि मग कुठे विंडोजचा गाभा मेमरीत येतो. या साखळीतली कोणती कडी तुटली ते संदेशावरून कळतं. एनटीएलडीआर सापडत नाही असं आलं असतं तर गोष्ट फार अलीकडची होती. तो संदेश आत्याला चांगला ओळखीचा आहे. काका छापखान्यातून फ्लॉपी आणायचे आणि ड्राइव्हमध्येच विसरायचे. सकाळी मशीन आधी फ्लॉपी वाचायला जायचं, एक्सपीवर फॉरमॅट केलेल्या त्या फ्लॉपीचा बूट सेक्टर एनटीएलडीआर शोधायचा, ती तिथे असण्याचं कारणच नाही, आणि पडद्यावर ती ओळ. आत्या फ्लॉपी काढून कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबायची आणि स्वयंपाकघरात निघून जायची.

या वेळची कडी पुढची होती. एनटीएलडीआर होती, तिने आपलं काम केलं होतं, आणि ती रजिस्ट्रीतली, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीतली, सिस्टम नावाची फाइल उघडायला गेली तेव्हा अडली होती. कॉन्फिग फोल्डरमध्ये रजिस्ट्रीच्या पाच मुख्य फाइली असतात: सिस्टम, सॉफ्टवेअर, सिक्युरिटी, सॅम आणि डिफॉल्ट. नावांपुढे टिंब नाही, एक्स्टेन्शन नाही. सिस्टममध्ये लिहिलेलं असतं की या मशीनला कोणकोणते भाग जोडलेत, त्यांचे ड्रायव्हर कोणते, आणि ते कोणत्या क्रमाने उठवायचे. ती वाचता आली नाही तर विंडोजला आपल्याच डिस्कशी कसं बोलायचं तेही कळत नाही. पत्रिकांना त्यातलं काहीच झालेलं नसतं. त्या दुसऱ्या कोपऱ्यात जशाच्या तशा पडलेल्या असतात.

कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. आदल्या आठवड्यात वीज ये-जा करत होती, आणि यूपीएसची बॅटरी दमलेली. ती आधी काही मिनिटं धरायची, आता दिवे गेल्याबरोबर एकदा पीं करून मान टाकते. विंडोज काही लिहीत असताना वीज गेली तर लिहिणं अर्धं राहतं, आणि रजिस्ट्रीत काही ना काही लिहिणं सतत चालूच असतं. पण हाच संदेश खराब मेमरीनेही येऊ शकतो, म्हणून आधी बाजूचं झाकण उघडलं. आत पंख्याच्या पात्यांवर राखाडी लोकर साचलेली. रॅमची, म्हणजे मेमरीची, पट्टी काढली, आत्याने टेबलाच्या खणातून शाळेचा खोडरबर दिला, आणि पट्टीच्या सोनेरी दातांवरून तो हलक्या हाताने फिरवला. खोडरबरावर काळसर रेघ आली. दमट, खारट हवेत हे होतंच. ठाण्यातला, नवी मुंबईतला कुठलाही जुना मेकॅनिक आधी खोडरबरच मागतो. पट्टी परत बसवली, दोन्ही बाजूंचे खटके लागल्याचा आवाज ऐकला. संदेश तोच आला.

मग मी अडून बसले की आधी डिस्कची नक्कल, मग दुरुस्ती. याबाबतीत माझं मत पक्कं आहे. डिस्क म्हातारी असेल तर तिच्यावर पहिला हात वाचण्यासाठी फिरावा, लिहिण्यासाठी नाही. डिस्कवरच्या खराब जागा शोधून दुरुस्त करणारी चेकडिस्क नावाची कमांड आहे, लोक पहिली तीच चालवतात; ती तासन् तास डिस्क फिरवते, आणि डिस्क मरायला टेकलेली असेल तर त्या फिरण्यातच संपते. मी डिस्क काढून आयडीई-यूएसबी कन्व्हर्टरने, म्हणजे जुनी डिस्क यूएसबीला लावता येते त्या जोडणीने, लॅपटॉपला जोडली. या जुन्या डिस्कना यूएसबीची वीज पुरत नाही, वेगळा अडॅप्टर लागतो. बटण दाबल्यावर ती गुरगुरत वर चढली आणि एकसारखी फिरायला लागली. आम्ही दोघी कान लावून बसलो. टकटक नव्हती. लॅपटॉपवर पेनड्राइव्हवरून विंडोजऐवजी लिनक्स चालू केलं, डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडली, आणि पडद्यावर फोल्डरांची रांग आली: बाळकूम, चेंदणी, दिवे, घणसोली, कोलशेत. आत्याने चष्मा काढून पदराने पुसला. "आहेत," म्हणाली. नक्कल होईपर्यंत तिने भाकऱ्या टाकल्या, सुक्या जवळ्याचं कालवण केलं, आणि जेवताना आम्ही संगणक सोडून इतर सगळ्या गोष्टी बोललो.

खरं तर रजिस्ट्रीची फाइल मला लॅपटॉपवरूनच बदलता आली असती, चटकन झालं असतं. पण आत्याला प्रत्येक पायरी बघायची होती, तिच्या मशीनवर, तिच्या पडद्यावर. पुन्हा असं झालं तर प्रत्येक वेळी तू ऐरोलीहून यायचं का, म्हणाली. तिने वही काढली, ज्यात ती गिऱ्हाइकांचे मोबाइल नंबर लिहिते, आणि पेनचं टोपण दातात धरून बसली.

विंडोजची मूळ सीडी पत्रिकांच्या नमुन्यांच्या पिशवीत सापडली. सीडी ड्राइव्ह मात्र उघडेना. बटण दाबलं की आत घुर्र होतं आणि ट्रे हलत नाही. आतला रबरी पट्टा वर्षांनी ढिला पडतो. ड्राइव्हच्या तोंडावर एक सुईएवढं भोक असतं, त्यात सरळ केलेली यूपिन खुपसून दाबली की ट्रे बोटभर बाहेर येतो, पुढचा हाताने ओढायचा. सीडीवरून मशीन सुरू झालं, निळा पडदा आला, आर दाबलं. रिकव्हरी कन्सोल, म्हणजे विंडोज न उठवता कमांड देऊन दुरुस्ती करायची जागा. कोणत्या विंडोजमध्ये जायचं, तर एक. ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड, तर कधी ठेवलेलाच नव्हता, नुसतं एंटर. आणि मग त्या काळ्या पडद्यावर लुकलुकणारी एक रेघ.

एक्सपीमधली एक सोय फार कमी लोकांना माहीत असते. विंडोजच्या फोल्डरमध्ये रिपेअर नावाचं एक फोल्डर असतं आणि त्यात त्या पाचही फाइलींच्या प्रती असतात, विंडोज पहिल्यांदा बसवली त्या दिवशीच्या. आधी खराब झालेल्या फाइली नाव बदलून बाजूला ठेवायच्या, पुसायच्या नाहीत. मग रिपेअरमधल्या पाच फाइली कॉन्फिगमध्ये कॉपी करायच्या, पाचही, कारण त्या एकमेकींच्या भरवशावर असतात. एक जुनी आणि चार नव्या चालतीलच असं नाही. मी टाइप करत होते, आत्या वहीत उतरवून घेत होती. तिरकी रेघ डावीकडे झुकलेली की उजवीकडे हे तिने दर वेळी विचारून खात्री केली. प्रत्येक कॉपीनंतर एक फाइल कॉपी झाली अशी ओळ आली की ती वहीत त्यापुढे बरोबरची खूण करायची.

मशीन सुरू झालं. पण ते २००४चं होतं.

हिरवी टेकडी, निळं आभाळ, वर पांढरे ढग. तो फोटो चार्ल्स ओरिअर यांनी १९९६मध्ये कॅलिफोर्नियातल्या सोनोमा परगण्यात काढलेला. जगातल्या किती घरांत तो पहिल्या दिवशी दिसला असेल आणि किती घरांत दुसऱ्या दिवशी त्यावर देवाचा किंवा बाळाचा फोटो आला असेल. आत्याचा घरच्या गणपतीचा फोटो गेला होता. रीसायकल बिन सोडली तर डेस्कटॉप रिकामा. पेजमेकर मेनूत नाही, डोंगलची ओळख नाही, प्रिंटर नाही. मला माहीत होतं की हे मधलं स्टेशन आहे, मी तिला आधी सांगितलंही होतं, तरी तिचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "काकांनी बसवून दिलं तेव्हा असंच होतं." मग तिने माऊस हातात घेतला आणि डी ड्राइव्हमधली नाव-पत्त्यांची एक साधी यादी उघडली. पडद्यावर रोमन अक्षरं, कंस, डॉलर, टक्क्यांची चिन्हं, उलटसुलट. एकही मराठी अक्षर नाही. तिचा हात माऊसवरून उठला.

त्या काळच्या फॉन्टचं हे असंच आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांना ठरलेले आकडे देणाऱ्या पद्धतीत, देवनागरीला १९९१पासून स्वतःची जागा आहे, पण डीटीपीचे फॉन्ट बराच काळ वेगळ्या वाटेने चालले. ते इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवायचे. म्हणजे फाइलीत आत रोमन अक्षरंच साठवलेली असतात, आणि तो नेमका फॉन्ट असेल तरच त्यांचं मराठी दिसतं. फॉन्टची नोंद असते रजिस्ट्रीत. पहिल्या दिवशीच्या रजिस्ट्रीत तो फॉन्ट अजून आलेलाच नव्हता. मी आत्याला हे समजावून सांगितलं, आणि तिने ऐकून घेतलं, पण तिची नजर त्या डॉलर आणि कंसांवरून हलेना. त्या ओळीत कुठेतरी कै. होते, ते कोणते, हे तिलाही सांगता येत नव्हतं.

पुढची पायरी खरी दुरुस्तीची. एक्सपी अधूनमधून स्वतःहून आपली नोंद काढून ठेवते, सिस्टम रिस्टोअरसाठी, म्हणजे पुढे मागच्या दिवसावर परत जाता यावं म्हणून, एका लपवलेल्या फोल्डरमध्ये. आत आरपी आणि पुढे आकडा अशी फोल्डरं, प्रत्येकात स्नॅपशॉट, आणि त्यात त्याच पाच फाइली लांबलचक नावांनी. सेफ मोडमध्ये जाऊन लपलेलं दिसेल असं करायचं आणि बिघडण्याआधीच्या दिवसाचा स्नॅपशॉट निवडायचा. पण दिवस कोणता, इथे गाडी अडली. मदरबोर्डवरची तीन व्होल्टची बटण-बॅटरी केव्हाच गेलेली, त्यामुळे रात्री विजेचा स्विच बंद झाला की मशीनची तारीख मागे जाते. आत्या रोज सकाळी भिंतीवरच्या कालनिर्णयात बघून तारीख घालायची. घाईच्या दिवशी राहून जायची. त्यामुळे फोल्डरांच्या तारखांत काही याच वर्षातल्या, काही वीस वर्षांपूर्वीच्या. तारखेवर भरवसा ठेवता येईना. आकड्यांवर मात्र येत होता, कारण आरपीचा आकडा घड्याळ विचारत नाही, एकेक करून वाढत जातो. शेवटचा आकडा सोडला, तो बिघडतानाचा असू शकला असता, त्याच्या आधीचा घेतला. पाच फाइली एका साध्या फोल्डरमध्ये आणून त्यांना मूळ नावं दिली, परत सीडी, परत यूपिन, परत आर. आत्या आता विचारत नव्हती, तीच पुढची ओळ वाचून दाखवत होती.

गणपती आला. मग त्याच्या दोन्ही बाजूंना तिच्या आयकॉनच्या रांगा. पेजमेकर उघडायला त्याचा तो नेहमीचा वेळ लागला. मग बाळकूमची फाइल, आणि श्री एकवीरा आई प्रसन्न, आणि खाली रकाने, ओळ न ओळ जागेवर. आत्याने वरपासून खालपर्यंत एकेक नाव ओठांत वाचलं.

तेव्हापासून माझ्या मनात दोन्ही गोष्टी आहेत. मशीन चालू झालं याचा आनंद आहे, आणि ते चालू झाल्यामुळे आपण आणखी काही वर्षं त्याच्यावर विसंबून राहू याची धास्तीही आहे. एक्सपी आली २५ ऑक्टोबर २००१ला, आणि ८ एप्रिल २०१४ला मायक्रोसॉफ्टने तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या देणं थांबवलं. त्यामुळे हे मशीन इंटरनेटला जोडायचं नाही, हे मी आत्याकडून कबूल करून घेतलंय. यूपीएसला नवी बॅटरी, मदरबोर्डवर नवी बटण-बॅटरी, आणि डिस्कच्या दोन नकला, एक माझ्या घरी ऐरोलीला. पण तो डबीएवढा डोंगल ज्या दिवशी जाईल त्या दिवशी नकला असूनही अक्षरं दिसायची नाहीत. म्हणून आम्ही याद्या युनिकोडमध्ये आणायला घेतल्या आहेत. ते काम दिसतं तेवढं सरळ नाही. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते, कारण ती डोळ्याला आधी दिसते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचं नेमकं उलटं, जुन्या फॉन्टमध्ये तो अक्षरानंतर, युनिकोडमध्ये आधी. कन्व्हर्टर बहुतेक ठिकाणी क्रम बरोबर लावतो, पण जोडाक्षर आलं की गडबडतो, आणि आडनावांत जोडाक्षरं काही कमी नसतात. म्हात्रे सापडतो, पण एखाद्या पाटलाच्या आजोबांचं नाव भलतंच होऊन बसतं. ते कुठल्याच शब्दकोशात मिळत नाही. ते फक्त आत्याला माहीत असतं.

त्यामुळे दर रविवारी सकाळी मी ठाण्याला येते. मी लॅपटॉपवर, ती तिच्या पडद्यावर, एक घर घेऊन बसतो. ती वाचते, मी तपासते. आधी मला घाई होती, सगळं गाव एका दमात उरकावं असं वाटायचं. आता आम्ही एखाद्या नावापाशी थांबतो. ही कोण, तर ती दिव्याला दिलेली, तिच्या नवऱ्याची होडी होती. हा कोण, तर याचं नाव तीन पत्रिकांत आहे आणि चौथीत नाही, का ते आत्या सांगते आणि वर म्हणते, हे कुठे लिहू नकोस. मी लिहीत नाही. चेंदणी झालं, विटावा झालं, कोलशेत अर्ध्यावर आहे.

मागच्या रविवारी मधेच घणसोलीहून फोन आला. तुळशीच्या लग्नानंतरचा पहिलाच मुहूर्त, यादी तयार आहे, आत्याचा संगणक बिघडला होता असं कानावर आलं, तर काम होईल ना? आत्या म्हणाली, "होईल, या तुम्ही. मागची पत्रिका आणा, आणि कोणाला काय झालंय ते घरात नीट विचारून या." फोन ठेवून तिने मला घणसोलीचं फोल्डर आधी घ्यायला सांगितलं, कोलशेत नंतर करू म्हणाली.